नरखेडचं बंदर

नागपूरला समुद्र नाही, याबद्दल माझी आजवर कधीही तक्रार नव्हती. कूलरसमोर बसून मी टीव्हीवर चक्रीवादळाच्या बातम्या पाहतो आणि आपण योग्य ठिकाणी जन्मलो याचं समाधान मानतो. तरीसुद्धा गेल्या महिन्यात हा समुद्र धरमपेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि माझी अब्रू घेऊन गेला. त्याची हकिकत सांगायची तर आधी सासूबाईंच्या आवाजापासून सुरुवात करावी लागते.

सासूबाई, म्हणजे तुळसाबाई, नरखेड तालुक्यातल्या. संत्र्याची बाग, विहीर, मोटर, आणि त्या मोटरवर मात करणारा आवाज. दिवाळीनंतर घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. तेव्हापासून त्या आमच्याकडेच असतात. लिहिणं सहीपुरतं येतं, त्यामुळे त्यांनी स्वतःच एक पद्धत बसवली. हातात चमचा आणि मांडीवर स्टीलची ताटली. एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. तीनदा किंवा जास्त वाजलं की त्याचा अर्थ आम्ही एकमेकांना विचारत नाही.

एका संध्याकाळी माझी बायको मेघा कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता थांबली आणि म्हणाली, "माय मले पिंके म्हणायची. बाबा गेले, आता मायचा आवाज गेला. आता मले पिंके म्हणणारं जगात कोणी नाही उरलं."

मी नवरा आहे. पुढे होणं मला भाग होतं. "मी म्हणतो की! पिंके!"

"तुमी नका म्हणू," ती म्हणाली. "बँकेतून फोन आल्यासारखं वाटते."

मग तिनं ती गोष्ट सांगितली. ती लहान असताना नागपूरहून एक माणूस बागेत आला होता, खांद्याला मशीन लटकावून. रेडिओवरच्या गावाकडच्या कार्यक्रमासाठी त्यानं मायचं बोलणं टेप केलं. माय काय बोलली ते मेघाला काहीच आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं, की मध्येच मायनं तिला जोरात हाक मारली, आणि तो माणूस हसून म्हणाला, "झालं! पोरी, तुझं नाव गेलं रेडिओत." ती टेप कुठे असेल? तिला मायच्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकायचं होतं. बस, एवढंच.

आता खरं तर "बघू या" म्हणून विषय सोडता आला असता. पण त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या कुसुमताई विरजण मागायला आलेल्या होत्या आणि दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. साक्षीदार असला की माझी छाती उगाच फुगते. मी म्हणालो, "दोन दिवसांत आणून देतो." विरजण घेऊन कुसुमताई खाली पोचायच्या आत सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं.

चौकशीअंती असं समजलं, की तो मशीनवाला माणूस म्हणजे बॅरिस्टर उमरकरांचा धाकटा मुलगा. सिव्हिल लाइन्सच्या त्यांच्या बंगल्यात आज 'उमरकर अभिलेख संग्रह' आहे. त्यात तीन विभाग आहेत, आणि ते एका छपराखाली का आहेत हे विचारायचं नसतं. बॅरिस्टर स्वतः समुद्राच्या कायद्यांचे जाणकार होते. कुठल्या देशाचं पाणी कुठे संपतं, मासे कोणाचे, बंदरं कोणाची, यावरच्या जगभरच्या परिषदांचे कागद त्यांनी नागपूरला आणून रचले. हा पहिला विभाग, सागरी शासन. थोरल्या मुलाला नाटकाच्या नेपथ्याचा नाद. त्याने विदर्भातल्या मंडळ्यांचे पडदे, आराखडे, रंगमंचाच्या छोट्या प्रतिकृती जमवल्या. आणि धाकटा गावोगाव हिंडून रेडिओसाठी माणसं टेप करायचा. तिघांची आपापसात बोलचाल नव्हती म्हणतात. आता तिघेही फोटोत एका भिंतीवर आहेत.

संग्रहाचे प्रमुख पालशेतकर. रत्नागिरीकडचे, बारीक अंगाचे, कायम कुजबुजत बोलणारे. नागपुरात वीस वर्षं काढूनही त्यांच्या चेहऱ्यावर बस चुकलेल्या माणसाचा भाव आहे. त्यांनी मला पांढरे हातमोजे घालायला लावले आणि विचारलं, "ध्वनिमुद्रण कशाचं?"

इथे माझी चूक झाली. पण ती कोणत्याही सुशिक्षित माणसाची झाली असती, असं माझं अजून मत आहे. बाई खेड्यातली, काळ जुना, आवाज खणखणीत, आणि रेडिओवर गेली. म्हणजे गाणंच असणार. मी ठणकावून सांगितलं, "ओव्या. जात्यावरच्या."

पालशेतकरांनी ओव्या शोधल्या. काटोलच्या होत्या, सावनेरच्या होत्या. नरखेडची एकही नव्हती. "काही फिती थोरल्यांनी नाटकातल्या आवाजांसाठी पळवल्या होत्या," ते कुजबुजले. "नेपथ्य विभागात बघा. मात्र कशालाही हात लावू नका."

मी हात लावला नाही. हे मला नोंदवून ठेवायचं आहे. मी फक्त एका प्रतिकृतीतल्या बोटभर जिन्याकडे वाकून पाहिलं आणि सरळ होताना माझं डोकं मागे टांगलेल्या पत्र्याला लागलं. तो साधा पत्रा नव्हता. नाटकात ढगांचा गडगडाट काढायचा तो पत्रा होता, चांगला दारापेक्षा उंच, आणि इतक्या वर्षांनीही त्याची तब्येत उत्तम होती. असा गडगडाट झाला की वाचनकक्षातले दोन संशोधक उठून उभे राहिले आणि शिपाई वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर धावला. गडबडीत मी आधारासाठी जे धरलं तो जिना होता. तो माझ्या हातात राहिला.

मला नेपथ्य विभागात कायमची मनाई झाली. शिवाय लेखी माफीनामा द्या, म्हणाले. विमा कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं लोकांचे दावे नामंजूर करतो आहे. माफीनाम्याचा मला सरावच नाही.

घरी आलो तर चंपतराव वाट पाहत बसलेले. चंपतराव आमचे शेजारी, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे कोराडीतला उपाय असतो.

"काहून गा भाऊ, भेटली का टेप?"

"शोध चालू आहे."

"अशी नाही भेटत ते. माहितीच्या अधिकारात अर्ज ठोका. कोराडीत आमचं युनिट बंद पडे, पर फाईल नाही बंद पडू दिली आमी."

कुसुमताईंचा कागदांवर विश्वास नाही. त्या म्हणाल्या, "अर्ज-गिर्ज सोडा जी. त्या साहेबाले घरी जेवाले बोलवा. कोकणातला आहे ना? मासे करा." आमच्या घरात मासे होत नाहीत, हे मी सांगितलं. "मंग कोथिंबिरीची सांबारवडी करा," त्या म्हणाल्या, आणि तितक्याच आत्मविश्वासानं.

मेघानं माझ्या डोक्यामागच्या टेंगळाला हळद लावली. मला ते जास्त लागलं. दोन दिवस म्हटले होते, आणि आता आठवडा होत आला होता. रात्री जेवताना सासूबाईंच्या ताटलीचा नुसता आवाज झाला तरी मी मान ताटात घाली. त्यांची तब्येतही नाजूक झालेली. सांगायला मुद्दाम कोणी काही सांगत नव्हतं, पण मेघा डॉक्टरांशी फोनवर बोलायला गॅलरीत जायला लागली होती.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा संग्रहात खोक्यांचा ढीग लागलेला. पालशेतकरांनी सुतकी आवाजात सांगितलं, की नागपुरात समुद्राचं कोणी वाचत नाही असं अखेर विश्वस्तांच्या लक्षात आलं आहे. सबंध सागरी शासन विभाग किनाऱ्यावरच्या एका संस्थेला दिला. शुक्रवारी सकाळी ट्रक येणार. मला मनातून बरंच वाटलं. निदान जागा मोकळी होईल, टेप सापडायला सोपं जाईल. असा विचार मी केला, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

त्या रात्री मी जमिनीवर सासूबाईंच्या समोर बसलो आणि इतक्या दिवसांत कोणीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "आई, तुम्ही तेव्हा ओव्याच म्हटल्या होत्या ना?"

टण् टण्.

"नाही? मग अभंग? भुलाबाईची गाणी?"

टण् टण्. टण् टण्.

मग त्यांनी ताटली बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी काखा खाजवायला सुरुवात केली, दात विचकले, आणि माझ्याकडे बघून पापण्या फडफडवल्या. मेघा घाबरून ओरडली. मी कुसुमताईंना हाक मारली. कुसुमताईंनी एका नजरेत ओळखलं, "अ‍ॅलर्जी आहे वं मेघा. नव्या औषधाची." चंपतरावांच्या मते ती कोळशाची राख होती, कोराडीहून वाऱ्यानं आलेली. दोघांचा वाद होईपर्यंत मी दुकानातून गुलाबी रंगाचं औषध आणलं आणि मेघानं ते मायच्या दोन्ही हातांना चोपडलं. सासूबाई तशाच गुलाबी हातांनी आमच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चमचा उचलला आणि चारदा वाजवला.

गुरुवारी संध्याकाळी मी माफीनामा द्यायला गेलो. पालशेतकर शेवटच्या खोक्यावर पट्टी चिकटवत होते. माफीनामा त्यांनी वाचलाही नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कागदांचं काही वाटत नाही हो," ते म्हणाले. "या खोक्यात एक फीत आहे. बॅरिस्टरांच्या संग्रहातली ती एकच ध्वनिफीत. सागरी विभागाचं यंत्र बिघडलेलं आणि दुसऱ्या विभागाचं वापरायची इथे पद्धत नाही, त्यामुळे मी ती ऐकलेली नाही, पण तिच्यावर मी एक निबंध वाचलाय परिषदेत. विदर्भात, समुद्रापासून इतक्या दूर, नदीवर एक जुनं बंदर होतं. संत्र्यांची वाहतूक तिथून चालत असावी. त्या बंदराची व्यवस्था पाहणाऱ्या एका बाईंची मुलाखत आहे. स्त्री-बंदरप्रमुख! कल्पना करा!"

"कुठे होतं हे बंदर?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"नरखेडला. डबीवर स्वच्छ लिहिलंय, 'बंदरांचा बंदोबस्त, नरखेड, एक शेतकरी महिला'."

माझे हात आपोआप काखेकडे गेले. मी खाजवलं. दात विचकले. पालशेतकर दोन पावलं मागे सरकले.

"साहेब," मी म्हणालो, "नरखेडला बंदर होतं असं नाही. नरखेडला बंदर अजून आहेत. माझ्या सासऱ्यांच्या बागेत कमीत कमी चाळीस असतील. संत्री खातात."

हा माणूस मालवण, रत्नागिरी, जयगड ही बंदरं बघत मोठा झालेला. इकडे हिंदीच्या शेजारानं आम्ही माकडाला बंदर म्हणतो, हे त्याच्या कानावरून गेलंच असणार, पण डबी वाचताना त्याला ते आठवावं कसं? वीस वर्षं समुद्राची वाट पाहणाऱ्या माणसाला 'बंदर' दिसलं. तो काय करणार? ते खुर्चीत बसले. मग त्यांनी त्या सीलबंद खोक्यावरची पट्टी बोटानं आणखी एकदा दाबून बसवली.

"निबंध छापून आलाय," ते एवढंच बोलले.

मला त्यांची दया आली. पण मेघाचीही आली होती, आणि ती माझ्या घरी राहते. मी म्हणालो, खोकं उघडा. ते म्हणाले, उघडता येणार नाही. सील लागलं म्हणजे माल त्या संस्थेचा झाला. किनाऱ्यावर जाऊन अर्ज करा. मी म्हणालो, माकडं आणि समुद्र यांचा काय संबंध? ते म्हणाले, तसा आक्षेप ज्यांची मुलाखत आहे त्यांना स्वतः हजर राहून घ्यावा लागेल, ट्रक निघायच्या आत, आणि आवाजावरून ओळख पटवावी लागेल.

"त्यांना आवाज असता," मी ओरडलो, "तर आम्ही इथे आलो असतो का?"

वाचनकक्षातून कोणीतरी शूऽऽ केलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे गेलो. सगळे म्हणजे मेघा, सासूबाई, सासूबाईंना धरायला कुसुमताई, आणि कोणीही न बोलावता चंपतराव. रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा मी घामानं भिजलो होतो. बंगल्यासमोर ट्रक लागलेला, फाळका उघडा, अर्धा समुद्र आत चढलेला. ते एक खोकं पालशेतकरांनी पायऱ्यांवर बाजूला ठेवलं होतं. रात्रभर झोपले नसावेत.

"वाचनकक्षात भांडी आणायला परवानगी नाही," ते ताटलीकडे बघून म्हणाले.

"ते भांडं नाही जी," मेघा म्हणाली. "ते माय आहे, बोलून राहिली."

पालशेतकरांनी पुन्हा नियम सांगितला, की आवाजावरून ओळख पटवायला हवी. त्यावर चंपतराव पुढे झाले. मला वाटलं आता कोराडी निघणार, आणि निघालीच. "आमच्या इथं मीटरवर शंका आली, त दोन मीटर बाजू-बाजूनं लावून पाहत. आवाजावरून ओळखाचं म्हणता, त मंग आवाज आयकाले नको का पहिले? आयकल्याबिगर ओळखाचं कसं गा?"

नियमातच तशी सोय होती आणि ती पालशेतकरांना स्वतःलाच दिसली नव्हती. त्यांनी सील तोडलं.

फीत वाजवायला चालू मशीन एकच होतं, नेपथ्य विभागातलं, गडगडाटाच्या पत्र्यामागचं. आणि तिथे मला मनाई. मी विनंती केली. पालशेतकर म्हणाले, "तुमचा माफीनामा अजून मंजूर झालेला नाही." सगळी आत गेली, ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा गेला. ज्या माणसानं हे सगळं उभं केलं, तो बाहेर बोगनवेलीत उभा राहून खिडकीच्या गजांतून पाहत होता. काटे टोचत होते, पण ते असो.

सासूबाईंना रंगवलेल्या सिंहासनावर बसवलं. कुठल्या तरी नाटकातलं होतं. फीत खरखरली. आधी एका पुरुषाचा शुद्ध आवाज आला, "तर तुळसाबाई, संत्र्याच्या बागेतला वानरांचा उपद्रव..."

"वानर नोका म्हणू जी!"

मेघानं तोंडावर हात घेतला. तो आवाज खोलीत मावत नव्हता. पत्रासुद्धा थरथरला, आणि या वेळी त्यात माझा काही दोष नव्हता.

"वानर म्हटलं का हात जोडा लागते. मंग हाकलाचं कसं? बंदर म्हणा. बंदराले गोट्याचं भेव नाही, फटाक्याचं नाही. त्याले पोटातून हाक माराले पायजे. आयका." आणि मग ती हाक. ट्रकजवळच्या झाडावरची पाखरं उडाली. पाठोपाठ फितीवरच, जरा दूर वळलेला तोच आवाज, "अन् ते पाह्य! अवं पिंके! पिंके वं! तू काहून चढली कडूलिंबावर? बंदर एका हाकेत आयकते, तू नाही आयकत! उतर खाली, कवाची म्हणून राहिली!" पुरुषाचं हसणं, आणि फीत संपली.

मेघा खाली बसली होती, मायच्या गुडघ्याशी. कुसुमताई पदरानं नाक पुसत होत्या. पालशेतकरांनी घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "ओळख पटली का?"

सासूबाईंनी चमचा उचलला.

टण् टण्.

मी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. नाही? इतकं करून नाही? मेघानं वर पाहिलं. पालशेतकरांचा चेहरा क्षणभर उजळला की काय, मला शंका आहे, बंदर परत मिळणार म्हणून. पण सासूबाई मशीनकडे बोट दाखवत होत्या. मग तेच बोट त्यांनी मेघाच्या छातीवर ठेवलं, आणि परत मशीनकडे नेलं.

पालशेतकरांनी फीत मागे घेतली. पुन्हा ती खरखर, पुन्हा ती हाक, पुन्हा पाखरं.

"अवं पिंके! पिंके वं! उतर खाली!"

"आली वं माय," मेघा म्हणाली. "आली. उतरून राहिली ना."

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं ताटलीवर चमचा वाजवला. एकदाच.